आपल्या वाट्याचे कागद

(घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळच्या एका गृहसंकुलात झालेल्या हरिनाम सप्ताहातील कीर्तनावरून)



आजच्या सेवेला निरूपणासाठी तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग घेतला आहे. प्रसंग तुमच्या ऐकण्यातला आहे. तुकोबांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवले. देहूची वारी केलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल. पण या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे. आपण ती ऐकतो आणि पुढे जातो. मीही कित्येक वर्षं तसाच पुढे गेलो. कीर्तनात हा प्रसंग शंभरदा सांगितला असेल, पण ती गोष्ट समजायला माझी साठी उलटावी लागली. आज तीच तुमच्यापुढे ठेवतो.

समोर बसलेल्या मंडळींत पांढरे केस जास्त दिसतात. तरुण मंडळी अजून कापूरबावडीच्या सिग्नलला अडकली असतील, ती येतील हळूहळू. (हशा) म्हणून आज म्हातारपणाचंच बोलू. उतारवयात काय धरायचं, काय सोडायचं आणि सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा आजचा विषय.

आधी प्रसंग नीट पाहू. तुकोबांचं घराणं महाजनकीचं. घरात दुकान, शेती, सावकारी. लोकांनी कर्जं घेतलेली, त्यांची खतं घरात बांधून ठेवलेली. मग 1630 च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ आला. गुरं गेली, माणसं गेली. तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. धंदा बसला. मन संसारातून उठलं, ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत शोधत तिथे पोचले आणि त्यांना घेऊन आले. इंद्रायणीच्या काठी येऊन तुकोबांनी ते कागद मागवले. आता ते कागद नदीत टाकायचे.

महिपतीबुवांनी संतचरित्रांत हा प्रसंग सांगितला आहे. आपण काय ऐकतो? तुकोबांनी सगळे कागद नदीत टाकले. तसं नाही झालं, माउली. आधी त्यांनी वाटणी केली. निम्मे कागद कान्होबांच्या हाती दिले आणि उरलेले, आपल्या वाट्याचे, तेवढेच इंद्रायणीत सोडले.

कान्होबांना संसार चालवायचा होता. त्यांना ते कागद हवे होते. तुकोबांनी त्यांना उपदेश केला नाही. 'मी एवढा विरक्त झालो आणि तू अजून व्याजाच्या मागे?' असं म्हटलं नाही. थोरला भाऊ म्हणून सगळं बुडवायचा अधिकार गाजवला नाही. आणि कान्होबांनीही दादाचा हात धरला नाही, त्याच्या वाट्याचे कागद काढून घेतले नाहीत. दोन भाऊ, दोन मतं, एक नदी. एकाने सोडलं, एकाने ठेवलं, आणि दोघं एकाच वाटेने घरी आले.

ही ती बारीक गोष्ट. सोडायचं ते आपल्या वाट्याचं. दुसऱ्याच्या वाट्याचं त्याच्या हाती द्यायचं आणि त्याचं तो काय करतो ते त्याच्यावर सोपवायचं. यातला पहिला भाग म्हणजे त्याग. दुसऱ्या भागाला आपल्या भाषेत साधा शब्द आहे, पडतं घेणं. पहिला भाग अवघड आहे. दुसरा त्याहून अवघड आहे.

आता आपण कुठे बसलो आहोत ते बघा. हा घोडबंदर रोड. माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, ओवळा, भाईंदरपाडा, ही नावं आज बसथांब्यांची वाटतात. ही गावं आणि पाडे होते. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये भाताची खाचरं. आगरी, कोळी, वारली मंडळी इथे राहत आली. पुढे गायमुखाच्या पलीकडे घोडबंदरचा किल्ला. तिथे घोड्यांचा व्यापार चाले म्हणून घोडबंदर, असं सांगतात. ती साष्टी आधी पोर्तुगीजांनी आपली म्हटली. 1737 साली चिमाजीआप्पांची मोहीम सुरू झाली आणि ती मराठ्यांची झाली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला, मग ती त्यांची झाली. डोंगर तिथेच, खाडी तिथेच. 'माझं' म्हणणारे तेवढे बदलत गेले. आणि आज अठराव्या मजल्यावरचा माणूस गॅलरीत उभा राहून पाहुण्याला सांगतो, "हा माझा व्ह्यू." (हशा) समोर नवी इमारत उभी राहीपर्यंत तुझा, बाबा!

हसण्यावारी नेऊ नका. या रस्त्यावर राहायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. कोणी लालबाग-परळच्या चाळीतून आलं, कोणी ठाण्याच्या चरईतून, नौपाड्यातून, खारकर आळीतून. कोणाची जुनी इमारत पाडायला काढली, कोणाला मुलाने म्हटलं, आई, आता एकटी राहू नकोस. पन्नास वर्षांचं घर दोन टेम्पोंत भरलं आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणलं. फ्लॅट चांगला. लिफ्ट आहे, पाणी आहे, खाली बाग आहे. पण माळा कुठे आहे? कोनाडा कुठे आहे? मोरीशेजारी बंब ठेवायची जागा कुठे आहे?

अशाच एक आजी माझ्या ओळखीच्या आहेत. खारकर आळीतून इकडे मुलाकडे आल्या. येताना तांब्यापितळेची भांडी बरोबर आणली. दोन हंडे, घंगाळ, मोठी पातेली, परात, डबे. पितळी भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे, तशी प्रत्येकावर यजमानांचं नाव आणि तारीख. शिवाय पाटावरवंटा. सूनबाई नोकरी करणारी, वाईट अजिबात नाही. पण स्वयंपाकघर केवढं, तर दोघी उभ्या राहिल्या की तिसऱ्याने पाणी मागायचं तर दारातूनच मागायचं. हंडे गेले पलंगाखाली. घंगाळ गेलं कपाटावर. त्यात चपलांचं पॉलिश आणि जुन्या वायरी पडल्या. पाटावरवंटा सुरू केला की खालच्या मजल्यावरचे इंटरकॉमवर विचारायचे, तुमच्याकडे काही काम चाललंय का? एकदा सूनबाई म्हणाली, "आई, मिक्सर आहे ना." झालं! आजी दोन दिवस जेवल्या नाहीत.

आजी मला म्हणाल्या, "महाराज, माझा संसार पलंगाखाली घातला हो हिने."

आता सांगा, चूक कोणाची? सासूची की सुनेची? तुम्ही लगेच बाजू घ्याल. ज्यांना सुना आहेत त्या एक बाजू, ज्यांना सासू आहे त्या दुसरी. (हशा) चूक कोणाचीच नव्हती. जागा कमी होती आणि जीव मोठा होता, एवढंच.

वस्तू का सुटत नाही, हे आधी समजून घ्या. लोभ म्हणून सुटत नाही असं आपण पटकन म्हणतो. म्हाताऱ्या माणसाला पितळेचा लोभ नसतो. मोड घालून किती पैसे येतील हे त्या आजींना ठाऊकही नव्हतं. वस्तू साक्षीदार असते, माउली. मी एके काळी पन्नास माणसांचा स्वयंपाक करत होते, याला आता साक्षीदार कोण? यजमान गेले. शेजारणी पांगल्या. त्या हंड्याने ते पाहिलं आहे. हंडा गेला तर मी कोण होते हे सांगणारं कोणी उरत नाही. ही भीती असते. म्हणून घरातल्या तरुण मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे, आईच्या वस्तूला 'भंगार' हा शब्द लावू नका. ती वस्तू द्यायची असेल तर द्या, पण आधी तिची गोष्ट ऐकून घ्या. पुष्कळदा गोष्ट सांगून झाली की हात आपोआप सुटतो.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूताचा संवाद आहे. त्याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका केली, ती 1573 साली काशीला पूर्ण झाली, तिलाच आपण एकनाथी भागवत म्हणतो. अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत कुरर नावाचा एक पक्षी आहे, घारीसारखा. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. ज्यांच्याकडे तुकडा नव्हता ते बळकट पक्षी मागे लागले, चोची मारू लागले. तो जाईल तिकडे ते. शेवटी त्याने तुकडा सोडून दिला. सगळे त्या तुकड्यामागे गेले. आकाश मोकळं झालं.

हा दृष्टांत तुम्ही ऐकला असेल. पण त्याच चोवीस गुरूंत एक कुमारीही आहे, तिची गोष्ट याला जोडून घ्यायची. घरी पाहुणे आले, घरात दुसरं कोणी नाही. ही आत साळी कांडू लागली. हातातल्या कंकणांचा आवाज होऊ लागला. पाहुण्यांना कळेल की घरात कांडलेले तांदूळसुद्धा नाहीत, म्हणून तिने कंकणं कमी केली. दोन-दोन ठेवली, तरी आवाज. मग एक-एक ठेवलं. आवाज थांबला.

यात बघा, तिने सगळी कंकणं काढली नाहीत. प्रत्येक हातात एक ठेवलं. आवाज करतं तेवढं काढलं, हाताला शोभतं तेवढं ठेवलं. कुरराने सोडायला शिकवलं, कुमारीने किती ठेवायचं ते शिकवलं. संसारी माणसाला दोन्ही गुरू लागतात. एकाच गुरूचं ऐकलं की घोटाळा होतो.

तो घोटाळा कसा होतो तेही सांगतो, कारण त्यात माझाही दोष होता. इथल्याच एका संकुलातले निवृत्त गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी माझं त्यागावरचं कीर्तन ऐकून दुसऱ्या दिवशी भेटायला आले. चेहऱ्यावर तेज. म्हणाले, "महाराज, तुमचा शब्द लागला. मी फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाकतोय. बक्षीसपत्र तयार करायला सांगितलं आहे. आता मी मोकळा."

मला आधी फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आपल्या कीर्तनाने माणूस घर सोडायला निघाला, कीर्तनकाराला आणखी काय हवं? पण सोबत त्यांच्या मंडळी होत्या. त्या काही बोलत नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी सहज विचारलं, "फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?" ते म्हणाले, "दोघांच्या." मी वहिनींना विचारलं, "तुमचं काय मत?" त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही."

तेव्हा मला इंद्रायणीकाठचे ते दोन गठ्ठे दिसले. तुकोबांनी आधी वाटणी केली होती! हे गृहस्थ वहिनींचेही कागद नदीत टाकायला निघाले होते, आणि मी काठावर उभा राहून टाळ वाजवत होतो.

मी त्यांना वकिलाकडे पाठवलं. वकिलांनी जे समजावलं ते मी तुम्हालाही सांगतो, कारण हेही निरूपणच आहे. बक्षीसपत्र नोंदलं की घर आपलं राहत नाही, उद्या मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. ते आपल्या पश्चात लागू होतं, जिवंत असेपर्यंत ते बदलता येतं, रद्द करता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगलं. लाभ ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नये. आणि नॉमिनी लावला म्हणजे वाटणी झाली असं समजू नका. नॉमिनी हा सांभाळणारा, वारसाचा हक्क वेगळा. याच गैरसमजातून भाऊ-बहिणी कोर्टात गेलेल्या आपण पाहतो.

2007 साली ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्राचा कायदा झाला, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम. त्याचं तेवीसावं कलम लक्षात ठेवा. साठ वर्षांवरच्या माणसाने 'माझा सांभाळ करायचा' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. पण ती अट कागदावर लिहिलेली असावी. तोंडी अटीवर विसंबलं की पुढे वाद होतो.

कोणी म्हणेल, महाराज, कीर्तनात कायदा कशाला? अहो, तुकोबा महाजन होते. खत म्हणजे काय, वाटा म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हिशेब कळणाऱ्याने केलेला तो त्याग आहे. न समजता दिलं तर त्याला दान म्हणायचं नाही, ती फसगत. डोक्यावरचं छप्पर आणि औषधापुरता पैसा, हे कुमारीच्या हातातलं एक-एक कंकण. ते ठेवा. बायकोसाठी ठेवा, नवऱ्यासाठी ठेवा. दोघांतलं एक मागे राहणार आहे, त्याला कोणाच्या दारात उभं करू नका. त्या नवरा-बायकोने शेवटी बक्षीसपत्र केलं नाही. दोघांनी आपापलं मृत्युपत्र केलं आणि मुलाला समोर बसवून वाचून दाखवलं. मुलगा रडला. म्हणाला, "बाबा, मी मागितलं होतं का हो?" त्यानेही मागितलं नव्हतं! विचारलं कोणालाच नव्हतं.

मग सोडायचं काय? घर सोडू नका म्हणता, हंड्याला भंगार म्हणू नका म्हणता, मग सोडायचं काय, महाराज?

सांगतो. वस्तू असते आणि वस्तूवरचा आपला शब्द असतो. 'इथे ठेवायचं नाही', 'असंच करायचं', 'मी असेपर्यंत हे चालणार नाही', हा तो शब्द. उतारवयात आधी हा सोडायचा. वस्तू त्याच्यामागून जाते. आपण उलटं करतो. वस्तू देतो आणि शब्द ठेवतो. सुनेला पाटल्या दिल्या आणि त्या ती लग्नाला घालून गेली नाही म्हणून रुसलो. मुलाला दुकान दिलं आणि गल्ल्याशेजारची खुर्ची सोडली नाही. दिलेलं हातातून सुटतं, तोंडातून सुटत नाही. याला देणं म्हणत नाहीत, माउली. ते उसनं दिल्यासारखं झालं, आणि व्याज रोज वसूल करायचं.

हे मी दुसऱ्यांचं बघून शिकलो असं नाही. माझंच सांगतो.

कल्याण तालुक्यातल्या एका गावात सप्ताहातलं काल्याचं कीर्तन सत्तावीस वर्षं माझ्याकडे होतं. वारकऱ्यांत काल्याच्या कीर्तनाचा मान काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. आवाज बसू लागला, गुडघे बोलू लागले, तेव्हा मी स्वतःच गावकऱ्यांना म्हटलं, यंदापासून माझ्या शिष्याला द्या. गाव म्हणालं, केवढं मोठं मन! माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. मी पहिल्या रांगेत, लोडाला टेकून बसलो.

पोरगं उभं राहिलं. चांगलं सुरू केलं. पण त्याची चाल वेगळी होती, दृष्टांत वेगळे होते. मी जिथे थांबायचो तिथे तो थांबेना. माझ्या आत काहीतरी चुळबुळ करू लागलं. पंधरा मिनिटं सोसलं. मग त्याने एक चरण घेतला आणि मला राहवेना. मी बसल्या जागेवरून माझी जुनी चाल उचलली. मोठ्याने! टाळकरी माझ्याकडे वळले, मृदंगाचार्यांचा हात क्षणभर थांबला. पोरगं गप्प उभं राहिलं आणि मान खाली घालून माझ्यामागे म्हणू लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वा!

रात्री जेवणं झाल्यावर आमचे म्हातारे विणेकरी माझ्याशेजारी येऊन बसले. अडाणी माणूस, पण पन्नास वाऱ्या केलेला. पान लावता लावता म्हणाले, "बुवा, जागा दिलीत. पण उठला नाहीत."

एवढंच बोलले. मला त्या रात्री झोप लागली नाही. आळंदीला चार वर्षं शिकलो, चाळीस वर्षं लोकांना त्याग सांगितला, आणि एक चाल सोडवली नाही. घरात पैसा नव्हता, तो सोडायचा प्रश्नच नव्हता. माझी इस्टेट म्हणजे ती जागा आणि तो आवाज. माझ्या वाट्याचे कागद ते होते, आणि मी ते नदीत टाकल्याचं नाटक करून उपरण्यात लपवून आणले होते.

पुढच्या वर्षी मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं हाही रुसवाच. मागे टाळकऱ्यांच्या ओळीत शेवटी उभा राहिलो. पोराने त्याच्या चालीत म्हटलं, मी त्याच्या चालीत मागे म्हटलं. दोनदा चुकलो. शेजारच्या बारा-तेरा वर्षांच्या टाळकऱ्याने मला कोपर मारून हात दाखवला, असं नाही, महाराज, असं. (हशा) मी त्याच्याकडे बघून टाळ धरला. आणि सांगू? काल्याच्या कीर्तनात मी सत्तावीस वर्षं उभा होतो, पण काल्याचा प्रसाद खरा त्या दिवशी गोड लागला. पुढे काय म्हणायचं याची काळजी नव्हती, नुसतं म्हणायचं होतं.

आता त्या आजींचं पुढे काय झालं ते राहिलं. मागच्या वर्षी याच संकुलातल्या सप्ताहाला महाप्रसादासाठी भांडी कमी पडत होती. मी आजींना म्हटलं, हंडे द्याल का? त्या थबकल्या. म्हणाल्या, "त्यावर ह्यांचं नाव आहे. ते घासून काढावं लागेल का?" मी म्हटलं, "नाव राहू द्या. देवाच्या दारात नावाची अडचण नसते, आपल्यालाच तेवढी असते." सूनबाईने रविवारी बसून चिंच-मीठ लावून दोन्ही हंडे घासले. घासता घासता तिने पहिल्यांदा विचारलं, "आई, ही तारीख कसली?" आणि आजींनी तिला सगळी गोष्ट सांगितली. इतकी वर्षं एका घरात राहून ती गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

पंगतीच्या दिवशी हंडे पाण्याने भरून मांडले. लोक येत होते, पाणी घेत होते. आजी खुर्चीवर बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, "माझ्याकडे पालथा पडला होता हो. आज भरला." हंडे मंदिरालाच ठेवून घ्यायला सांगितले. कोणी म्हणालं नव्हतं, स्वतःहून.

आणि पाटावरवंटा? तो घरीच आहे. यातच सगळं आलं बघा. सूनबाई म्हणाली, आई, तो राहू दे, सुकत घालायच्या गॅलरीत ठेवू, खाली जाड सतरंजी घालू. आजी म्हणाल्या, रोज नको, रविवारी सकाळी तेवढी चटणी वाटेन, बाकी तुझा मिक्सर. एकीने एक पाऊल मागे घेतलं, दुसरीने एक. दोन खोल्यांच्या घरात दोन पावलांची जागा झाली. घोडबंदर रोडवर एवढ्या जागेला किती पैसे पडतात, माहीत आहे ना? (हशा)

तुम्ही वारकरी आहात. वारीत हे सगळं तुम्हाला येतं. देहू-आळंदीहून निघालं की पंढरीपर्यंत अठरा-एकोणीस दिवस चालायचं. पिशवीत दोन कपडे, ताट-तांब्या, हरिपाठाची पोथी. तंबूत हातभर जागा, एका कुशीवर झोपायचं. शेजारचा घोरला तरी चालतं, चहा गार मिळाला तरी चालतं, दिंडीत आपल्या पुढे कोणी आलं तर 'माउली' म्हणून सरकून घेतो. तोच माणूस घरी येतो आणि टीव्हीच्या रिमोटवरून नातवाशी भांडतो! का? वारीत आपल्याला ठाऊक असतं की मुक्काम एका रात्रीचा आहे. घरी ते विसरतो. उतारवय म्हणजे वाखरीचा मुक्काम आहे, माउली. पंढरपूर समोर दिसायला लागलेलं असतं. तिथे येऊन कोणी तंबूतल्या जागेवरून भांडतं का?

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. कपाट उघडा, एकच कप्पा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा, ही मी वापरतो म्हणून ठेवली आहे, आठवण म्हणून, की 'असू दे, लागेल' या भीतीने? वापरातली ठेवा. आठवणीतली असेल तिची गोष्ट घरात कोणाला तरी सांगा, मग ठेवा किंवा द्या. भीतीपोटी ठेवलेली उद्याच द्या. आणि देताना आपल्या हाताने, आपण असताना द्या. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला मिळतो. आपल्या पश्चात दिलं गेलेलं दान नसतं, ती आवराआवर असते.

दिल्यावर परत विचारायला जाऊ नका की ते वापरतोस का. मृत्युपत्र केलं नसेल त्यांनी करा. जोडीदाराला विचारून करा. आणि घरातल्या एका गोष्टीवरचा आपला शब्द सोडा. एकच गोष्ट. देवघराची जागा असेल, आमटीतला गूळ असेल, दाराची कडी कोणी लावायची हे असेल. ती ज्याची त्याला द्या आणि दिल्यावर उठा.

तुकोबांनी कागद बुडवल्यावर घर सोडलं नाही, हेही विसरू नका. ते देहूतच राहिले. त्याच घरात, त्याच गावात, त्याच माणसांत. सोडलं ते मनातलं सावकारपण. ज्यांची खतं बुडाली ती माणसं दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटली असतील. काल ती कुळं होती, आज कीर्तनातले श्रोते झाली. हातातला कागद गेला आणि समोरचा माणूस दिसू लागला. आपल्यालाही एवढंच साधायचं आहे. कागद गेला की सून दिसते, मुलगा दिसतो, शिष्य दिसतो. आणि त्यांच्यामागे कटीवर हात ठेवून उभा असलेला तो दिसतो. त्याचे हात कमरेवर आहेत. त्याने काही धरलेलंच नाही.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!